दार दोन हातांनी धरून उघडा

मागच्या ऑक्टोबरात अंधेरीहून काका-काकू आमच्याकडे आइसलँडला, रेक्याविकला आले आणि पहिल्याच दिवशी वाऱ्याने भाड्याच्या गाडीचं दार काकांच्या हातातून हिसकावलं. दार पार पुढच्या बाजूला उलटं गेलं, बिजागरीच वाकली. गाडी देणाऱ्याने सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, आत स्टिकर पण होता की वाऱ्याकडे तोंड करून गाडी लावा आणि दार दोन हातांनी धरून उघडा. पण काकांचं म्हणणं, अगं आम्ही मुंबईचे, आम्हाला काय वारा शिकवतेस. (आइसलँडला येणाऱ्यांनी लिहून ठेवा, वाऱ्याने गेलेलं दार बहुतेक इन्शुरन्समध्ये बसत नाही.)

दुसऱ्या दिवशी वीक गावाजवळ रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा. तिथल्या लाटा फसव्या असतात, दहा लाटा लहान येतात आणि अकरावी एकदम तुमच्या मागच्या खडकापर्यंत, माणसं मेलीत तिथे. पाट्या आहेत, दिवे लावलेत, लाल लागला की पुढे जायचं नाही. तरी एक जोडपं समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढत होतं आणि काका त्यांच्या बाजूलाच. काकू ओरडल्या, "अहो, मागे या आधी!" आणि गंमत म्हणजे काकांबरोबर ते जोडपं पण मागे आलं, मराठी न कळता.

हे सांगतेय कारण दर जुलैला आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच भांडण पेटतं. 30 जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, पुढच्या वर्षी जूनमध्ये पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल पडून चौघं गेले. मग कलेक्टरची बंदी येते, धबधब्यावर जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. अर्धा ग्रुप म्हणतो बरं झालं, लोकांना अक्कलच नाही, फॉरेनला बघा कसे शिस्तीत असतात. उरलेला अर्धा, म्हणजे माझे ट्रेकर भाऊ, म्हणतात डोंगर काय कलेक्टरच्या बापाचा आहे का. आणि दोन्ही पार्ट्या शेवटी मला टॅग करतात की तू सांग तिकडे कसं असतं.

तर ऐका, तिकडे शिस्त वगैरे काही नसते. चार लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या देशात 2024 ला 22 लाखांच्या वर पर्यटक आले, 2010 ला हाच आकडा पाच लाखांच्या आसपास होता, आणि ही सगळी माणसं भुशीच्या पायऱ्यांवरच्या माणसांसारखीच असतात. फरक आहे तो मधल्या जागेत. आपलं हवामान खातं पण पिवळा, ऑरेंज, रेड अलर्ट देतं, इथलंही तेच तीन रंग देतं, आपल्याकडे तर घाटमाथ्याचा अलर्ट वेगळा देतात. पण तो अलर्ट आणि ताम्हिणीत वळणावर गाडी लावून भजी खाणारा माणूस यांच्यामध्ये कोणीच नाही. इथे मधे रस्त्यांचं खातं आहे, कुठला तुकडा चालू, कुठला निसरडा, कुठला बंद हे नकाशावर दिसतं आणि वादळात रस्ता खरंच बंद करतात. आम्ही एक अख्खा दिवस असे अडकलो, काका हॉटेलवालीशी वाद घालायला गेले तर ती म्हणाली कॉफी घ्या.

बंदी इथेही घालतात हं. फ्याद्रारग्ल्युफुर नावाची एक घळ आहे (जमलं तर म्हणून बघा), 2015 ला जस्टिन बीबरचा एक व्हिडिओ तिथे शूट झाला आणि मग इतकी झुंबड उडाली की 2019 ला घळ काही महिने बंद ठेवावी लागली, कारण शेवाळ तुडवलं की ते परत यायला वर्षानुवर्षं लागतात. पण बंद का ते सांगितलं, मग उघडली, आज आखलेली वाट आणि बघायला प्लॅटफॉर्म आहे. आपली बंदी पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते, मधल्या आठ महिन्यांत तिथे एक रेलिंग पण लागत नाही, माझा राग त्याच्यावर आहे.

आणि इथे कोणी अडकलंच तर सोडवायला जातात ते पगारी लोक नाहीत. सुतार, मास्तर, नर्स, सगळे व्हॉलंटियर, लान्द्सब्योर्ग संस्थेचे, आणि पैसे घेत नाहीत. त्यांचा मोठा खर्च निघतो तो थर्टी फर्स्टच्या फटाक्यांतून, ते स्वतः स्टॉल लावून विकतात आणि अख्खा देश मुद्दाम त्यांच्याकडूनच घेतो. धुराने दुसऱ्या दिवशी घसा बसतो पण आम्हीही घेतो. भावाला हे सांगितलं तर म्हणाला अगं आपल्याकडे लोणावळ्याचे शिवदुर्ग रेस्क्यू टीमवाले रात्री-अपरात्री दरीत उतरतात, तेही फुकट. खरंय. मग त्याला विचारलं, त्यांना तू कधी शंभर रुपये दिलेस का? त्यावर त्याचा इमोजी आला.

शेवटी रेनिसफ्याराचे बेसॉल्टचे, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याचे खांब. काका बराच वेळ मान वर करून बघत होते, मग म्हणाले, "अगं हे तर आपलं गिल्बर्ट हिल." आणि खरंच की, अंधेरीला बिल्डिंगांमध्ये चेपलेला तो काळा खांबांचा डोंगर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, इथल्या लाव्ह्याचा खापरपणजोबा. काका त्याच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. म्हटलं वर देवळाशी शेवटचे कधी गेला होतात, तर काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नानंतर एकदा."

ते परत गेल्यावर पंधरा दिवसांनी फोटो आला, गिल्बर्ट हिलच्या पायऱ्यांवर दोघं, काकांनी इथून घेतलेली लोकरी टोपी घातलेली, मुंबईच्या त्या उकाड्यात.