झाडं नंतर लावा, आधी नमुना कोण घेतो ते सांगा

५ जून, म्हणजे पर्यावरण दिन, आला की माझ्या फीडमध्ये दोन-तीन दिवस नुसती रोपं. शेठ, जनरल मॅनेजर, एचआरवाले, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात काळ्या पिशवीतलं रोप, मागे कंपनीचं बॅनर. झाडांशी माझं वैर नाही. पण आपलं बडोदं रिफायनरी, खत, पेट्रोकेमिकल, रंग आणि औषधं यांवर जगणारं गाव आहे. इथे उद्योगांनी पर्यावरणासाठी काय करावं असं कुणी विचारलं, तर उत्तर फाटकाबाहेरच्या खड्ड्यात सापडायचं नाही. ते आत आहे, रिअ‍ॅक्टरपासून ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) शेवटच्या टाकीपर्यंत कुठेतरी.

(आणि रोपं तरी कसली? पर्यावरण मंजुरीत ३३ टक्के जागा हिरवी ठेवायची अट असायची, म्हणून वर्षानुवर्षं कंपाउंडच्या कडेने कोनोकार्पस लावला. भराभर वाढतो, बारा महिने हिरवा, फोटोत छान. २०२३ मध्ये गुजरात सरकारनेच त्याच्या लागवडीवर बंदी घातली.)

माझं सगळं आयुष्य लॅबमध्ये गेलं. सयाजीराव विद्यापीठातून केमिस्ट्री, मग नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला नोकऱ्या, आता निवृत्त. कंपन्यांची नावं घेणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. आणि ‘कारखाने बंद करा’ म्हणणाऱ्यांतला मी नाही, हेही आधीच सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे रंगकाम शिकवलं. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली. मग साठच्या दशकात खतांची जीएसएफसी, १९६५ ला कोयलीची रिफायनरी, पाठोपाठ पेट्रोकेमिकलची आयपीसीएल. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांची चूल या पगारांवर पेटली, पोरं शिकली, वाड्याचे फ्लॅट झाले. माझंही तेच. म्हणून तर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बडोद्याने आपल्या रासायनिक सांडपाण्यावर १९८३ मध्ये एक मोठा उपाय केला: धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत सुमारे ५५ किलोमीटर लांबीची नाली. कारखान्यांनी आपापल्या ठिकाणी पाणी ठराविक मर्यादेपर्यंत शुद्ध करायचं आणि नालीत सोडायचं. ते महीच्या मुखाशी, खंभातच्या आखातात जातं. त्या काळात ही कल्पना वाईट नव्हती. नाली नसती तर मिनी नावाच्या नदीचं आणि वरच्या महीचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा. पण तिच्यामुळे एक सवयही लागली. घाण नजरेआड गेली की प्रश्न मिटला, असं वाटायला लागलं. पादऱ्याच्या बाजूच्या गावांतून बोअरच्या रंगीत पाण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा शहरातल्या आपल्यापैकी किती जणांनी त्या वाचल्या?

सगळी नाली चालते ती ‘ठराविक मर्यादेपर्यंत’ या दोन शब्दांवर. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला मिलिग्रॅममध्ये सीओडी २५०, बीओडी ३० (दोन्ही आकडे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते सांगतात; जितका जास्त, तितकं पाणी घाण). आकडे चांगले आहेत. प्रश्न एवढाच की ते मोजतं कोण, कधी, आणि त्याला पैसे कोण देतं.

धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तपासणीचे पाहुणे येणार असले की टाकीत बोअरचं पाणी सोडून सीओडी खाली आणता येतो. पहिल्या मोठ्या पावसात कुठला व्हॉल्व्ह कुणी उघडला हे कुणाला कळत नाही. सकाळी अकराला बाटलीभर नमुना घेतला तर तो सकाळी अकराचाच असतो, रात्री दोनचा नसतो. चोवीस तास थोडं थोडं गोळा केलेल्या नमुन्याचा आकडा वेगळा येतो, आणि तो बहुतेकांना आवडत नाही. मग सुपरवायझर म्हणतो, “चाली जशे, साहेब”, म्हणजे चालून जाईल.

याचा रीतसर पुरावा आपल्याच राज्यात आहे, आणि मला नवल वाटतं ते हे की बडोद्यात त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९९६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून इथे पर्यावरण ऑडिट सुरू झालं. प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यायची आणि अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. फक्त ऑडिटर निवडणार कारखाना, फी देणार कारखाना. म्हणजे परीक्षकाची फी विद्यार्थ्याने द्यायची, आणि नापास केलं तर पुढच्या वर्षी परीक्षक बदलायचा.

२००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर काही अर्थतज्ज्ञांनी अहमदाबाद आणि सुरतेच्या ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. त्यांच्यात एस्थर डुफ्लोही होत्या, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. जुन्या पद्धतीच्या ऑडिटांनुसार धुराड्यातल्या धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते ७ टक्के. तेच स्वतंत्रपणे पुन्हा मोजलं तेव्हा निघाले ५९ टक्के. मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅमची, आणि अहवालांतले आकडे त्याच्या जरा खाली दाटीवाटीने बसलेले. हे वाचून मला हसू आलं, कारण लॅबमधल्या कुणालाही ते ओळखीचं आहे. खरं मोजमाप इतकं शिस्तीत वागत नाही. ते कधी ९० दाखवतं, कधी ३१०.

मग अर्ध्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. ऑडिटर सोडतीने नेमला, फी ठरावीक आणि एका सामाईक निधीतून दिली, काही मोजमापं दुसऱ्यांनी जाऊन तपासली. ऑडिटर तेच, यंत्रं तीच. खोटं ‘पास’ लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं. आणि माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यांनी खरोखरच प्रदूषण कमी केलं. २०१५ मध्ये मंडळाने ऑडिटर सोडतीने नेमायचं नियमातच घातलं.

२०१९ मध्ये सुरतेत त्याच्याही पुढची पायरी आली. धुराड्यात सतत मोजणारी यंत्रं, एकूण धुळीवर कमाल मर्यादा, आणि तिच्या आत परवान्यांची खरेदी-विक्री. कमी सोडणारा विकणार, जास्त सोडणारा विकत घेणार. सूक्ष्म कणांसाठी असा बाजार जगात पहिल्यांदा सुरतेत झाला, आणि त्यातल्या गिरण्यांची धूळ बाजाराबाहेरच्या गिरण्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी राहिली. सुरतेचे कापडवाले काही आपल्यापेक्षा जास्त निसर्गप्रेमी नाहीत. धूळ वहीखात्यात आली, एवढंच झालं.

आकडा खरा झाला की मालक ईटीपीवाल्याला शिव्या देणं सोडून प्रोसेसकडे बघायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उदाहरण रंगाच्या मध्यस्थ रसायनांचं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे रंग बनतो त्यांचं. नायट्रो संयुगाचं अमाइन करायचं असेल तर जुनी पद्धत लोखंडाच्या भुग्याची आणि आम्लाची. माल निघतो आणि मागे काळा, चिकट लोहगाळाचा ढीग राहतो. उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अ‍ॅसिड या अशाच मध्यस्थ रसायनाच्या कारखान्यांनी असाच गाळ आणि पाणी सोडलं, विहिरी लाल झाल्या, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व तिथे लावलं. तीच अभिक्रिया उत्प्रेरकावर हायड्रोजन वापरून केली तर मागे मुख्यतः पाणी उरतं. मग सगळे का करत नाहीत? दाबाचं भांडं लागतं, हायड्रोजन हाताळणारी माणसं लागतात, पैसा एकदम घालावा लागतो. लोखंडाचा भुगा स्वस्त. पण गाळ टनामागे पैसे भरून लँडफिलला पाठवायचा खर्च त्याच कागदावर मांडला तर स्वस्ताई बरीच ओसरते. तो खर्च मांडला जातो तो गाळाचं वजन खरं लिहिलं जात असेल तरच.

वाफेचंही तसंच. कितीतरी कारखान्यांत गरम कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं पाणी, सरळ गटारात जातं. बॉयलरला जाणारं पाणी दर ६ अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण १ टक्का इंधन वाचतं, हा जुना हिशेब. पाइप, पंप, चालू स्थितीतले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह), बास. याचा फोटो काढून कुणी टाकत नाही, टोप्या घालायची सोय नाही.

‘झीरो लिक्विड डिस्चार्ज’वर सध्या सगळे लट्टू आहेत, तिथे मात्र मी जरा हात राखून बोलेन. पाणी आरओमधून काढायचं, उरलेलं खारं पाणी बाष्पीभवनाच्या प्लांटला न्यायचं, उकळवून मीठ वेगळं करायचं. बाहेर थेंब जात नाही हे खरं. पण ती वाफ कोळशावर होते आणि पोत्यातलं मीठ कुठेतरी ठेवावंच लागतं. पावसात विरघळणारी वस्तू आहे ती. म्हणून आधी मूळ प्रोसेसमध्ये पाणी कमी करा, तीव्र आणि साधं सांडपाणी वेगळ्या पाइपांनी न्या, आणि जे खरंच उरेल त्यालाच उकळा. सगळं एका टाकीत ओतून मग उकळत बसणं म्हणजे कंत्राटदाराची चैन.

छोट्या युनिटवाल्यांची बाजूही आहे. जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) पाच-पन्नास माणसांच्या कारखान्याला स्वतःचा हायड्रोजन प्लांट किंवा चांगला केमिस्ट परवडत नाही. त्यांना सामाईक शुद्धीकरण केंद्र, सामाईक बॉयलर, सामाईक सॉल्व्हंट रिकव्हरी (वापरलेली द्रावकं परत मिळवणं) हाच रस्ता, आणि मोठ्या कंपन्यांनी खरी मदत करायची तर इथे करावी. माल घेताना दरच नाही, पुरवठादाराचा गाळही विचारावा. आपल्याच बडोद्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालू स्थितीतला प्राथमिक शुद्धीकरण प्लांट नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. निकाल कडक आहे. पण ‘चालू स्थितीत’ हे ठरवायला पुन्हा कुणीतरी बाटली घेऊन जायला हवंच.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाबद्दल थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजासाठी लावले. शाळा बांधा, दवाखाने काढा, उत्तमच. पण ज्या गावच्या बोअरला रंग आला त्याच गावाला आरओ मशीन भेट द्यायचं आणि रिबन कापायची, याला माझ्या हिशेबात शून्य गुण.

आता एक काम, आपल्यापैकी कुणालाही जमेल असं. घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी आपल्या पाण्याची, धुराची आणि कचऱ्याची माहिती फाटकाबाहेर फलकावर लावायची, असा २००३ पासून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. नंदेसरी, मकरपुरा, रणोलीकडे गेलात तर हे फलक दिसतील. काहींवर नीट खडूने किंवा मार्करने आकडे भरलेले असतात, काहींवर रकाने कोरे, काहींचा रंग इतका उडालेला की काहीच लागत नाही. जाता-येता थांबा आणि आकड्याआधी तारीख वाचा. चालू महिन्याची असेल तर या लेखाखाली कंपनीचं नाव कौतुकाने लिहा. जुनी असेल तर गेटवरच्या वॉचमनला विचारू नका, त्याचा काही दोष नाही. सरळ मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र टाका, आणि पोच मागून घ्या.