सीमा ओलांडली म्हणजे सुटला?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो: 'देश सोडून गेलेले शोधपत्रकार पळपुटे असतात. परदेशात सुरक्षित बसायचं, परक्यांच्या पैशावर जगायचं आणि ऐकीव गोष्टी छापायच्या.' हे वाचून मला दर वेळी रशियाचा शोधपत्रकार रोमन दोब्रोखोतोव आठवतो, आणि राग येतो.

आधी 'पळपुटे'. दोब्रोखोतोवने 2013 मध्ये 'द इन्सायडर' हे शोधपत्रकारितेचं संकेतस्थळ सुरू केलं. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या सॉल्सबरीत माजी रशियन हेर सर्गेई स्क्रिपाल आणि त्यांच्या मुलीवर विषप्रयोग झाला. त्यातले दोन संशयित रशियाच्या सैनिकी गुप्तहेर खात्याचे होते, हे 'इन्सायडर' आणि 'बेलिंगकॅट' या शोधपत्रकारांच्या गटाने मिळून उघड केलं. डिसेंबर 2020 मध्ये रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या मागावर असलेली विषतज्ज्ञांची टोळीही या दोघांनी इतर माध्यमांसोबत जगापुढे आणली. तेव्हा दोब्रोखोतोव रशियातच होता, ज्यांच्याविषयी लिहीत होता त्यांच्या हाताच्या अंतरावर. जुलै 2021 मध्ये बदनामीच्या एका प्रकरणाचं निमित्त करून पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली, पासपोर्ट काढून घेतला. त्यानंतर त्याने देश सोडला, तर सीमा बेकायदा ओलांडल्याचा गुन्हा दाखल झाला. जो आठ वर्षं तिथे राहून हे काम करतो त्याला पळपुटा कसं म्हणायचं?

'ऐकीव गोष्टी' हा आरोप तर सगळ्यात पोकळ. रशियात सरकारी नोंदींचा चोरटा बाजारच आहे. पासपोर्टच्या फायली, विमानप्रवासाच्या याद्या, फोनची नोंद, सगळं विकत मिळतं. सॉल्सबरीच्या संशयितांपैकी एकाच्या पासपोर्ट फाईलवर 'माहिती देऊ नये' असा शिक्का होता, आणि दोघांचे पासपोर्ट क्रमांक जवळजवळ लागून होते. नवाल्नींच्या बाबतीत तर ते जिथे जात तिथे तीच माणसं वर्षानुवर्षं मागोमाग विमानाने जाताना यादीत दिसली. कोणी कानात सांगितलेलं हे नव्हे. सरकारच्याच दप्तरातून निघालेलं आहे.

पैशाचं म्हणाल, तर 'इन्सायडर'वर 'परकीय हस्तक' हा शिक्का जुलै 2021 मध्ये रशियन सरकारनेच मारला. वर्षभरात 'अवांछित संस्था' असं घोषित केलं. अशा संस्थेला देणगी देणं रशियात गुन्हा आहे. आपल्याच वाचकाचा रुबल घेण्याची वाट बंद करायची आणि मग पैसा परका आहे म्हणायचं, हा कुठला न्याय?

आता 'सुरक्षित'. इथे मात्र थांबायला हवं. नोव्हेंबर 2021 मध्ये दोब्रोखोतोव बुडापेस्टहून बर्लिनला विमानाने निघाला. त्याच विमानात पाळतीवरची एक बाई होती, आणि तिने त्याच्या फोनचा पिन क्रमांक टिपून घेतला. ती रशियासाठी काम करणाऱ्या बल्गेरियन हेरांच्या टोळीतली होती, आणि ही टोळी ब्रिटनमधून चालत होती. ऑर्लिन रुसेव हा म्होरक्या ग्रेट यार्मथमधल्या एका जुन्या गेस्ट हाऊसमधून सूत्रं हलवत होता, आणि त्याला आदेश देत होता यान मार्सालेक, जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या घोटाळ्यातला फरारी अधिकारी. दोब्रोखोतोव आणि त्याचा सहकारी ख्रिस्तो ग्रोझेव यांना पळवून नेण्याची, ठार करण्याचीही चर्चा त्यांच्या संदेशांत सापडली. ग्रोझेवला जवळपास वीस वर्षांचं व्हिएन्नातलं घर 2023 मध्ये सोडावं लागलं. मे 2025 मध्ये लंडनच्या न्यायालयाने रुसेवला 10 वर्षं 8 महिन्यांची कैद सुनावली.

सौदी पत्रकार जमाल खशोग्जी 2018 मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात मारले गेले. पाकिस्तानातून निघून गेलेले पत्रकार अर्शद शरीफ 2022 मध्ये केनियात पोलिसांच्या गोळीने गेले. सुरक्षित?

आणि मार्सालेक कुठे आहे, हे मार्च 2024 मध्ये कोणी शोधून काढलं? 'इन्सायडर'ने, जर्मन-ऑस्ट्रियन माध्यमांसोबत. तो रशियात एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूच्या नावाने राहत होता.