गोळ्या म्हणे आजच बंद करा!

"गरोदर बायकांनी डिप्रेशनच्या गोळ्या आजच बंद कराव्यात, बाळ मतिमंद होतं, त्याऐवजी अश्वगंधा घ्या, गर्भसंस्कार ऐका." फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलेला मेसेज, वर "फॉरवर्डेड ॲज रिसीव्ड". मी असलं वाचतपण नाही, पण माझ्या मावसबहिणीने वाचलं, तिला तिसरा महिना आहे, डिप्रेशनची सर्ट्रालीन ही गोळी चालू होती आणि तिने कुणाला न विचारता बंद करून टाकली. म्हणून लिहितेय.

"आजच बंद" हेच सगळ्यात घातक. 2006 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये 201 गरोदर बायकांचा अभ्यास आला होता, सगळ्यांना आधी डिप्रेशन होऊन गेलेलं, गोळ्यांवर बऱ्या होत्या. ज्यांनी गोळ्या बंद केल्या त्यातल्या 68 टक्के जणींचा आजार गरोदरपणातच उलटला, चालू ठेवणाऱ्यांत 26 टक्के. आणि आजार उलटला की जेवण जात नाही, झोप लागत नाही, सोनोग्राफीची तारीख हुकते, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तशाच पडून राहतात, कधीकधी जीव द्यायचे विचार येतात, हे सगळं बाळाला बाधत नाही का हो काका? शिवाय एकदम बंद केलं की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, आणि तिसऱ्या महिन्यात मळमळलं तर बाई म्हणणार दिवसच गेलेत ना.

"बाळ मतिमंद होतं" यात अर्धं खरं आहे, मान्य करते. फिट्स आणि बायपोलरसाठी (मूड दोन टोकांना जाण्याचा आजार) व्हॅलप्रोएट नावाची गोळी देतात, तिच्याने साधारण 10 पैकी एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि 30 ते 40 टक्के मुलांच्या वाढीत-शिकण्यात अडचणी येतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ती शक्यतो देतच नाहीत, आणि चालू असली तरी डॉक्टरच बदलून देतात, मनाने सोडायची नाही. पण सर्ट्रालीन ही ती गोळी नव्हे! एका भाडेकरूने भाडं बुडवलं म्हणून अख्खी चाळ रिकामी करायची का? सर्ट्रालीनवर असलेल्या आईचं बाळ सुरुवातीचे काही दिवस किरकिरं, थरथरतं असू शकतं, बहुतेकदा आपोआप थांबतं.

अश्वगंधा तर गरोदरपणात टाळा असंच सांगतात. गर्भसंस्कार खुशाल ऐका, गोळी घेऊन ऐका.

बहिणीचं तिच्या सायकियाट्रिस्टशी बोलणं झालं, गोळी परत चालू झाली. गायनॅकला मात्र तिने गोळीचं सांगितलंच नव्हतं, बऱ्याच जणी नाही सांगत. दोघांना एकमेकांचे कागद दाखवा. आणि रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात.