मावशीच्या गळ्यातला किडा

"इजिप्तचा पवित्र स्कॅरब छातीवर धारण करा, हृदय बळकट होते, गोळ्यांची गरज उरत नाही. तिजोरीत ठेवल्यास लक्ष्मी स्थिर राहते. खरा किडा, ५००० वर्षांत दगड झालेला." दोन महिने हा फॉरवर्ड फिरतोय. मी न वाचता पुसत होते. परवा मावशीच्याच गळ्यात तो स्कॅरब, म्हणजे शेणकिड्याच्या आकाराचा हिरवा ताईत, दिसला. मावशीची अँजिओप्लास्टी झालेली आहे.

तर आधी हृदय. छातीवर ठेवायचा स्कॅरब इजिप्तमध्ये होता, पण मेलेल्याच्या छातीवर, ममीच्या पट्ट्यांमध्ये! 'मृतांचे पुस्तक' म्हणतात त्या संग्रहातला ३०ब हा मंत्र त्याच्या सपाट पोटावर कोरलेला असे. त्यात मेलेला माणूस हृदयालाच विनवतो, की आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. त्यांच्या समजुतीप्रमाणे बुद्धी, आठवणी, पापपुण्य सगळं हृदयात. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत आणि हृदय आत ठेवत. ब्रिटिश म्युझियममधल्या आनीच्या पपायरसवर पुढचा प्रसंग रंगवलाय: एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्य-न्यायाच्या माअत देवीचं पीस, आणि शेजारी मगरीच्या तोंडाची राक्षसी अम्मित टपून बसलेली. हृदय खोटं ठरलं की ती गिळणार. म्हणजे हा ताईत हृदय चालवायला नव्हताच, त्याचं तोंड बंद करायला होता. साक्षीदार फितवायचा प्रकार! थांबलेल्या हृदयासाठीची वस्तू मावशीला विकायची आणि वर गोळ्या बंद करायला सांगायचं, याला काय म्हणावं?

जिवंत माणसंही स्कॅरब घालत, हे मान्य. पुनर्जन्माचं प्रतीक, हेही खरं. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा पाहून त्यांना आकाशातून सूर्य ढकलणारा देव सुचला. तो खेपरी, सकाळचा सूर्य. 'खेपर' म्हणजे घडणं, अस्तित्वात येणं. कल्पना सुंदरच आहे. पण यात लक्ष्मी कुठून शिरली? मागे नाव कोरून हे किडे शिक्के म्हणून वापरत. इजिप्तचा राजा आमेनहोटेप तिसरा, त्यानं तर त्यांच्यावर बातम्या कोरून घेतल्या: राणी तीयेशी लग्न, पहिल्या १० वर्षांत मारलेले १०२ सिंह. राजाचं गॅझेट म्हणा हवं तर.

स्कॅरब म्हणजे दगड झालेला खरा किडा नव्हेच. बहुतेक स्कॅरब संगजिऱ्यात कोरून वर निळी-हिरवी झिलई दिलेले. आणि खरोखर प्राचीन असेल तर विकलाच कसा? १९८३ च्या कायद्यानं इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार बंद आहे. म्हणजे त्याआधी रीतसर देशाबाहेर गेल्याचे कागद नसतील, तर माल एक तर चोरीचा असणार, नाहीतर खोटा. मावशीच्या किड्याच्या कडेला साच्याची रेघ स्पष्ट दिसते.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, पण दिसतो किती छान!"

घाल ना मग. रात्रीची गोळी घेतलीस का?