‘खोळीचं एवढं कौतुक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगलीच तिखटही. ‘धन्यवाद’ एवढं लिहून सुटण्यासारखी नाही, म्हणून सवडीने उत्तर देते.

गुडघ्याच्या एसीएलवरच्या (मांडीचं आणि नडगीचं हाड सांध्याच्या आत जोडणाऱ्या अस्थिबंधावरच्या) माझ्या लेखाला तुमचे चार आक्षेप आहेत. अस्थिबंधाची ताकद कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंत असताना मी अर्धा लेख भोवतीच्या ‘खोळीवर’, म्हणजे सायनोव्हियम या सांध्याच्या आतल्या अस्तरावर, घालवला. ‘सांध्याच्या आत, पण सायनोव्हियमच्या बाहेर’ हा शब्दांचा खेळ आहे. ज्याला बेसमेंट मेम्ब्रेनच (पेशींच्या थराखालचं पातळ आधार-पटल) नाही, त्याला मी पडदा म्हणते. आणि ‘एसीएलला रक्तपुरवठा नाही’ असं लिहून पुढच्याच परिच्छेदात रक्तवाहिन्यांचं वर्णन करते.

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘रक्तपुरवठा नाही’ हे वाक्य मी सवयीने लिहून गेले. गुडघ्यामागच्या मोठ्या धमनीची एक फांदी, मिडल जेनिक्युलर आर्टरी, मागच्या बाजूने सांध्याचं बाहेरचं वेष्टन, म्हणजे कॅप्सूल, भेदून आत येते आणि अस्थिबंधाभोवतीच्या सायनोव्हियल ऊतीत तिचं जाळं पसरतं. त्या जाळ्यातून बारीक फांद्या आडव्या आत शिरतात आणि तंतूंच्या जुडग्यांमधून उभ्या धावणाऱ्या वाहिन्यांना मिळतात. हाडाला चिकटलेल्या टोकांकडून मात्र फारसं रक्त येत नाही. एसीएलच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या खाचेच्या छताशी जिथे तो घासतो, तिथे कूर्चेसारखा एक पट्टा असतो आणि तेवढ्यात खरोखरच रक्तवाहिन्या नसतात. बाकी अस्थिबंधाला रक्त मिळतं, पण ते बहुतेक या ‘खोळी’तून. वाक्य दुरुस्त केलं आहे. पण तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आत की बाहेर, हा शब्दांचा खेळ नाही. मच्छरदाणी बांधलेली आहे असं समजा. बाहेर उभं राहून कापडासकट हात आत खुपसा. पलंगावर झोपलेल्याला हात आत आलेला दिसतो, पण हात आणि आतली जागा यांच्यामध्ये कापड आहेच. गुडघ्यातले दोन्ही क्रुसिएट अस्थिबंध (एसीएल आणि त्याच्या मागचा पीसीएल) असेच मागून आत आलेले आहेत. सायनोव्हियम त्यांना पुढून आणि बाजूंनी लपेटतं आणि मागे उघडं ठेवतं. उपमा आणखी थोडी ताणते: मच्छरदाणीला टेकलेल्या हाताला डास जाळीतूनही चावतो. हे कापडही तसंच विरळ आहे.

आणि हाच तुमचा तिसरा मुद्दा. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे अस्तर एपिथेलियम (एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा थर) नव्हे. वरचा थर जेमतेम एक ते तीन-चार पेशींचा, त्याखाली बेसमेंट मेम्ब्रेन नाही, पेशींमध्ये मोकळी जागा. १९६२ मध्ये बारलँड, नोविकॉफ आणि हॅमरमन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली यात दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखल्या. ‘ए’ प्रकारच्या पेशी मॅक्रोफेजच्या जातीच्या, म्हणजे केरकचरा गिळणाऱ्या. ‘बी’ प्रकारच्या फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशींच्या, जातीच्या. हायल्युरोनन आणि लुब्रिसिन हे वंगणाचे मुख्य घटक त्या बनवतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या एच अँड ई रंगकामात या दोघी खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. ‘ए’ पेशी दाखवायच्या तर सीडी६८ सारखी पेशींवरची खूण दाखवणारा खास रंग लावावा लागतो. थराखालच्या केशवाहिन्यांच्या भिंतींनाही बारीक खिडक्या असतात. त्यामुळे रक्तातलं पाणी आणि छोटे रेणू सहज सांध्यात झिरपतात. बेसमेंट मेम्ब्रेन नसणं ही उणीव नाही, त्यावरच सगळं काम चालतं. ‘पडदा’ हे नाव डोळ्यांना दिसतं त्यावरून पडलेलं जुनं नाव आहे, ते मी बदलणार नाही.

आता खोळीचं कौतुक. गुडघ्याच्या आतल्या अंगाचा अस्थिबंध एमसीएल आणि मधला एसीएल यांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत साधारण तेच दिसतं: पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची लाटालाटांची जुडगी आणि मध्ये ओळीने बसलेले फायब्रोब्लास्ट. फाटल्यावर मात्र एमसीएल बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतो आणि एसीएलचं तसं सहसा होत नाही. दोन्हींतल्या पेशींच्या स्वभावात फरक आहे, हे मान्य. पण भोवतालही बघा. एमसीएलभोवती एपिलिगामेंट नावाची सैलसर ऊती असते: बारीक, वाकडेतिकडे तंतू, चरबीच्या पेशी, नसा, भरपूर रक्तवाहिन्या. तिथे फाटलं की रक्त जागीच साकळतं, गुठळीत पेशी आणि नव्या वाहिन्या शिरतात आणि व्रण धरतो. तो मूळ ऊतीइतका सुबक नसतो, पण काम भागवतो. एसीएल फाटताना सायनोव्हियमही फाटतं, रक्त सांध्यातल्या द्रवात पसरतं आणि तिथलं प्लाझमिन नावाचं विकर गुठळी विरघळवून टाकतं. टोकांना जोडणारा पूलच तयार होत नाही. मग काही आठवड्या-महिन्यांत सायनोव्हियल पेशी तुटलेल्या टोकांवर चढून ती झाकून टाकतात. कधी ते टोक शेजारच्या पीसीएललाच जाऊन चिकटतं. पेशी आपलं काम करतायत, पण टोकं एकमेकांना भेटायच्या आत दार बंद होतं. म्हणून अर्धा लेख खोळीवर. खरं तर कमीच पडला. गुडघा किती ताणला गेलाय हे सांगणारी मज्जातंतूंची टोकंही या सायनोव्हियमलगतच्या थरात सापडतात, ती तर मी गाळलीच होती.

आता तुम्ही जाता जाता विचारलेला आणि मला सगळ्यात आवडलेला प्रश्न: लेखातल्या फोटोत अस्थिबंध आणि आवरण यांच्यामध्ये पांढरी फट दिसते, मग द्रव तिथेही असतो का?

नाही. ती फट गुडघ्यात नव्हती, प्रयोगशाळेत तयार झाली. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केला जातो, अल्कोहोलमध्ये त्यातलं पाणी काढलं जातं, मग मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप घेतात. या प्रवासात दाट अस्थिबंध आणि सैलसर आवरण सारखे आकसत नाहीत आणि एकमेकांपासून सुटतात. ओळखायची खूण सोपी आहे. सांध्याच्या खऱ्या पोकळीच्या कडेला पेशींची ती पातळ रांग असते. फोटोत ती उजव्या टोकाला आहे, जांभळ्या ठिपक्यांची. मधल्या फटीच्या दोन्ही कडा मात्र उघड्या, चिंध्या झालेल्या आहेत. मोठा करून पाहिलात तर खालच्या बाजूला एक केशवाहिनी सापडेल, अर्धी फटीच्या अलीकडे, अर्धी पलीकडे.