जरा नजर टाका, एवढंच!

कादंबरी लिहून झाली? अभिनंदन! आता ती कुणा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची आणि खिशाला चाटही लागू द्यायची नाही, एवढंच राहिलं. त्यासाठी तुम्ही अगदी योग्य माणसाकडे आलात. मी गेली बावीस वर्षं मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये बसून दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासतो. मला फुकटात कसं राबवून घ्यावं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

'संपादन' हा शब्द मुळी तोंडातून काढूच नका. संपादन म्हटलं की दर आला, ॲडव्हान्स आला, मुदत आली. 'जरा नजर टाका' म्हणा. नजर टाकायचे का कुणी पैसे घेतं? दोनशे पानांवर नजर टाकायला मला तीन आठवडे लागतात, पण ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका. विनंती करायची वेळ मात्र नीट निवडा. लग्नाच्या पंगतीत माणसाचं तोंड भरलेलं असतं, 'नाही' म्हणता येत नाही. ठाण्याला गाडी सुटता सुटता दारातून ओरडलात तर उत्तम, नकार प्लॅटफॉर्मवरच राहतो. मयतावरून परततानाही मला दोन कथासंग्रह मिळालेले आहेत. दाढ दुखतेय म्हणून दंतवैद्याला 'जरा नजर टाका' म्हणणारा निदान खुर्चीत बसून आ तरी करतो. आमच्याकडे फक्त पीडीएफ येते. पाठोपाठ मेसेज येतो, 'सवडीने बघा. सोमवारपर्यंत.'

याहून स्वस्त हवं असेल तर व्हॉट्सॲपचा साहित्यिक ग्रुप गाठा. संध्याकाळी प्रकरण टाकलं की अकरा सेकंदांत नऊ जणांच्या टाळ्या. तीन हजार शब्द अकरा सेकंदांत वाचणारे रसिक आपल्या आजोबांच्या पिढीला लाभले नव्हते. चुकून कुणी 'मधला भाग जरा लांबलाय का?' असं विचारलंच, तर त्याच्या पुढच्या कवितेला कुणीही टाळ्या द्यायच्या नाहीत. माणूस सुधारतो.

माझ्या ओळखीच्या एका होतकरू कादंबरीकारांनी हा मार्ग तंतोतंत आचरला. विषय गिरणी संपाचा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, ही तारीख त्यांनी बिनचूक घातली होती. गिरणगावावर त्यांचा खरोखर जीव आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पण दुसऱ्याच प्रकरणात त्यांचा विठोबा माहीमहून गाडी पकडतो आणि थंडीत काकडत 'प्रभादेवी स्टेशनात' उतरतो. ग्रुपवर बारा जणांनी हे वाचलं. चौघांचे डोळे पाणावले. तेव्हा त्या स्टेशनच्या पाटीवर 'एल्फिन्स्टन रोड' लिहिलेलं होतं आणि 'प्रभादेवी' हे नाव लागलं २०१८ साली, हे एकाच्याही पाणावलेल्या डोळ्यांना दिसलं नाही. विठोबा छत्तीस वर्षं आधीच उतरला. पश्चिम रेल्वेची गाडी वेळेआधी पोचल्याचं एवढं ठळक उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

मग त्यांनी मजकूर मोबाइलमधल्या कुठल्याशा शुद्धलेखन तपासनिसातून काढला. त्याने गिरणीच्या भोंग्याचा भुंगा केला. 'पहाटे गिरणगावात भुंगा वाजला आणि चाळी खडबडून जाग्या झाल्या.' खाली यंत्राचा शेरा होता, 'अत्यंत हृदयस्पर्शी लेखन'. फुकट अभिप्राय एरवी दोन ओळींचा असतो. हा तर शेऱ्यासह आला.

माझ्याकडेही त्यांनी कादंबरी पाठवली होती. मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'मला मनापासून व्यावसायिक अभिप्राय हवाय.' मी दर सांगितला. दोनशे पानं, पानाला साठ रुपये, बारा हजार. पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, 'सर, तुम्ही फार व्यावसायिक झालात.'

आता, बारा हजार म्हणजे काही चणे-फुटाणे नाहीत, हे मलाही कळतं. अंबरनाथहून रोज उभ्याने येऊन रात्री अकराला लिहायला बसणाऱ्या पोरीने ते आणायचे कुठून? हा प्रश्न खरा आहे आणि म्हणूनच तो कुणी काढू नये. काढला की उत्तरं सुचायला लागतात.

पूर्वी हे फुकट होतं, असं सांगणारे तुम्हाला भेटतीलच. खरंच होतं. गिरगावात खटाववाडीत 'मौज' प्रकाशनाच्या कचेरीत संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथा' मासिकासाठी आलेल्या नवख्यांच्या कथा वाचत, त्यांना सविस्तर पत्रं लिहीत, तीच कथा पुन्हा लिहायला लावत. लेखकाचा खर्च किती, तर टपाल आणि परतीचं पोस्टेज. त्या वाचनाचा भार संस्था उचलत होती, ही किरकोळ बाब तुम्ही विसरा. आणि सगळे संपादकाच्या त्या टेबलावर खूश होते, असंही नाही. १९६९ साली छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या लिटल मॅगझिनवाल्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. संपादकाचा राग यायला आधी संपादक असावा लागतो! आता आपण जास्तीत जास्त ग्रुप सोडतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी पुन्हा धरतो. 'सत्यकथा' बंद पडली १९८२ साली, विठोबाचे भोंगे थंडावले त्याच वर्षी. गिरण्यांच्या जागी मॉल आले. संपादकाच्या टेबलाच्या जागी ग्रुप ॲडमिन आला.

तर पैसे वाचवायचे म्हणजे नेमके कुठे, हे नीट समजून घ्या. प्रकाशन समारंभात नव्हे! आमच्या कादंबरीकारांचा हॉल नऊ हजार, फ्लेक्स दीड हजार, पाच शाली, पाच श्रीफळं, सव्वाशे माणसांचे बटाटेवडे आणि पेढे, फोटोग्राफर, आणि अध्यक्षांना बोरिवलीहून आणायला-सोडायला गाडी. सगळे मिळून एकतीस हजार. यातला एक रुपयाही कमी करता येण्यासारखा नव्हता, हे त्यांनी मला स्वतः पटवून दिलं. वडा नसेल तर लोक उठून जातात. मजकूर नसेल तर कोण उठतं?

काही वाईट सवयींपासून मात्र सावध राहा. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला काही नवोदित लेखकांनी भिशी सुरू केल्याचं माझ्या कानावर आलंय. आठ जण, महिना दीड हजार, चिठ्ठी ज्याची निघेल त्याचं हस्तलिखित त्या महिन्यात संपादकाकडे. आठ महिन्यांत आठही पुस्तकं तपासून होतात आणि संपादकालाही दर महिन्याला घरभाडं सुटतं. असल्या नादाला अजिबात लागू नका. भिशी ही फ्रिजसाठी असते.

दुसरी खोड याहून घातक. काही चलाख पोरं अख्खी कादंबरी न देता पहिली वीसच पानं पैसे देऊन तपासून घेतात. म्हणजे बाराशे रुपयांत काम! माणसाच्या लिहिण्यातल्या खोडी त्याच त्याच असतात. कुणाच्या प्रत्येक परिच्छेदाअखेर तत्त्वज्ञान येतं, कुणाची सगळी पात्रं 'उद्गारतात', 'म्हणत' कुणीच नाही. वीस पानांत त्या लाल शाईने उघड्या पडल्या की उरलेली एकशेऐंशी पानं लेखक स्वतःच दुरुस्त करत बसतो. यात आमचं नुकसान होतं, ते जाऊ द्या. पण लेखकाला स्वतःचं लिखाण पुन्हा वाचावं लागतं, हा केवढा छळ!

कामाचा क्रमसुद्धा उलटाच ठेवा. आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्या, मग वाक्यं, आणि कथानक कोलमडतंय का हे सगळ्यात शेवटी, पानं लावून झाल्यावर. काही लोक आधी आशयाचं संपादन, मग भाषेचं आणि अखेरीस मुद्रितशोधन असं सांगतात. त्यांचं ऐकलंत तर जे प्रकरण पुढे उडवायचंच आहे त्यातल्या वेलांट्यांचे पैसे वाचतील, आणि मग त्या पैशांचं काय करायचं हा नवा ताप.

सरकारदरबारी तर फिरकूच नका. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ती हातभार लावते. पण त्यासाठी अर्ज भरावा लागतो. मुदतीत. शिवाय छपाईचा भार हलका झाला की वाचलेले पैसे संपादकाला द्यावेत, असं एखाद्याच्या मनात यायचं.

समारंभ झकास झाला. अध्यक्षांनी प्रस्तावना वाचून कादंबरीवर चाळीस मिनिटं भाषण केलं. आभारप्रदर्शनाच्या आधी तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. मांडीवर पुस्तक, दुसऱ्या प्रकरणात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. म्हणाले, "साहेब, तेव्हा एल्फिन्स्टन होतं हो. मी रोज उतरायचो. आणि हा भुंगा कसला?" निवेदिका म्हणाल्या, "धन्यवाद काका, वडे गरम आहेत." बावीस वर्षांत मी याहून नेमकं संपादन पाहिलेलं नाही, आणि ते फुकट होतं. फक्त पाचशे प्रती छापून झाल्यावर मिळालं.

काल रात्री त्यांचा मेसेज आला. 'सर, शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालतोय. चारच ओळी आहेत, पैसे कसले घेणार! जरा नजर टाका.' मी उघडून पाहिलं. पहिली ओळ होती, 'पृष्ठ १९ वर प्रभादेवीऐवजी परळ वाचावे.' परळ मध्य रेल्वेवर, विठोबाने माहीमला पकडलेली गाडी पश्चिम रेल्वेची. दुसऱ्या ओळीत भुंग्याचा भोंगा नीट झाला होता, पृष्ठ क्रमांक मात्र भलताच होता.

मी अकरा सेकंदांत टाळ्या पाठवल्या.