विकतच्या मातीतली मेथी

जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये आम्ही भाड्याने बागेचा तुकडा घेतला, तेव्हा किल्लीबरोबर एक पत्रही मिळालं. इथली माती तपासलेली आहे, त्यात शिसं आणि कॅडमियम आहे, तेव्हा पालेभाजी थेट जमिनीत लावू नका. लाकडी पेटीत बाहेरची माती भरा आणि त्यात लावा. मुलांनी खेळून आल्यावर हात धुवावेत. खाली सही-शिक्का. बायकोने मुकाट्याने चार गोण्या माती विकत आणली आणि मेथी पेरली. हे कळल्यावर सासूबाई फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माती विकत आणणारे लेक-जावई त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते.

त्याच सुमारास इंदूरहून मामेभावाचा फोन आला. विषय तिथल्या हुकुमचंद कापड मिलच्या जागेवरची झाडं. 12 डिसेंबर 1991 ला ही मिल बंद पडली आणि 5,895 कामगार रस्त्यावर आले. 2007 मध्ये हायकोर्टाने 229 कोटींची देणी ठरवली, पण मुख्य रकमेचा, सुमारे 224 कोटींचा, चेक निघायला 25 डिसेंबर 2023 उजाडलं. तोवर कित्येक जण गेले होते. पैसे राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडून आले आणि त्या बदल्यात जागा मंडळाकडे गेली. तीस वर्षं कुणी पाऊल न ठेवलेल्या त्या जागेवर दाट रान माजलं होतं. तिथे आता घरं आणि दुकानं येणार म्हटल्यावर झाडं वाचवायला माणसं उभी राहिली.

भाऊ म्हणाला, “दादा, तू तिकडे बसून सांग. झाडं की टॉवर?”

मला हा प्रश्नच अर्धा वाटतो. माझे मामा दुसऱ्या एका मिलच्या रंगखात्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे इंदूरच्या नंदानगरला जायचो, तेव्हा मागचा नाला बघून मिलमध्ये आज कोणता रंग चाललाय ते ओळखायचा आमचा खेळ असायचा. हिरवा असला की मी जिंकायचो. तो रंग कुठे मुरला, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही आणि आजही कुणी विचारत नाही. जुन्या मिलच्या जमिनीत रंगखात्याचं पाणी, बॉयलरची राख, फर्नेस ऑइल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, पत्र्यांचं अ‍ॅस्बेस्टॉस असं काय काय असू शकतं. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जाळायला इंदूरजवळच्या पीथमपूरला आणला, तेव्हा अख्खं इंदूर धुराबद्दल आणि पाण्याबद्दल बोलत होतं, आणि ते बरोबरच होतं. पण शहराच्या पोटातली माती मात्र आपल्याला आपली वाटते, म्हणून तिचा संशय येत नाही.

जर्मन माणूस जन्मतः शहाणा आहे असं नाही. याच डॉर्टमुंडच्या डोर्स्टफेल्ड भागात दगडी कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवर घरं बांधली गेली आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अंगणातल्या मातीत विष निघालं. लोकांना घरं सोडावी लागली. अशाच दुसऱ्या प्रकरणात 1989 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, की जमीन दूषित असताना तिथे वस्ती आखली तर नगरपालिका भरपाईला जबाबदार. तेव्हापासून नकाशावर रेघ ओढण्याआधी माती काढून प्रयोगशाळेत पाठवतात. पर्यावरणप्रेम असेलही, पण खिशाला लागलेला चटका मोठा.

माझ्या घराजवळ फीनिक्स नावाचा तलाव आहे. तिथे पोलादाचा कारखाना होता. 2001 मध्ये तो बंद पडला, सुमारे हजार चिनी कामगार आले आणि अख्खा कारखाना सुटा करून जहाजाने चीनला घेऊन गेले. राहिलेल्या जमिनीची साफसफाई झाली, खड्डा झाला, 2010 मध्ये पाणी सोडलं. चोवीस हेक्टरांचा तलाव. हुकुमचंदची जागा साडेसतराच्या आसपास. तलावापाशी एक जुना कन्व्हर्टर, म्हणजे लोखंडाचं पोलाद करायचं अवाढव्य भांडं, स्मारक म्हणून ठेवलाय, त्याच्यासमोर लोक लग्नाचे फोटो काढतात.

पण काठावरची घरं कुणाची? डॉक्टरांची, वकिलांची. मागच्या ह्योर्डे भागात, जिथे पोलादवाल्यांची चाळवजा घरं होती, तिथली मुलं रविवारी तलावाभोवती फिरायला येतात, एवढंच. मुंबईकर वाचकांना हे नवीन नाही. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, 2001 च्या दुरुस्तीने ते फक्त मोकळ्या जागेपुरते उरले आणि कामगारांच्या घरांचा वाटा आकसला. तेव्हा परदेशातली सगळीच उदाहरणं मी पदरात घेणार नाही. तलावापेक्षा मला तासाभरावरचं डुइसबुर्ग आवडतं. 1985 मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात भट्ट्या जागच्या जागी ठेवल्या, उगवलेल्या बर्चच्या झाडांना हात लावला नाही, आणि जिथे माती फार वाईट होती तिथे ती बंदिस्त केली. म्हणून मी भावाला म्हटलं, झाडं राहू द्यात, निदान जिथे दाट आहेत तिथे. पण आधी माती तपासा आणि आकडे फाटकावर लावा.

खर्च कोण देणार, हा खरा पेच. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम आणले: जिल्ह्याने संशयित जागा कळवायच्या, तपासणी व्हायची, प्रदूषण करणाऱ्याकडून वसुली. मिल लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळं निघून मोडीत, गेल्यावर वसुली कुणाकडून? डॉर्टमुंड आणि डुइसबुर्ग ज्यात येतात त्या ऱ्हूर भागात 1980 च्या सुमारास राज्याने जमिनींचा स्वतंत्र निधी उभारला होता. तो अशा जागा विकत घ्यायचा, साफ करायचा, मग द्यायचा. आपल्याकडे मंडळ जागा घेतं ती विकण्यासाठी, आणि देण्यांचे पैसे त्या विक्रीतूनच उभे राहायचे असतात. मग जास्तीत जास्त मजले चढणार, दुसरं काय होणार!

भाऊ स्वतः शहरातल्याच दुसऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर फ्लॅट बघत होता. मी म्हटलं, बुकिंगच्या आधी मातीचा रिपोर्ट माग. त्याने मागितला. काउंटरवरच्या मुलाने हसत लगेच छापील प्रत दिली, चहाही पाजला. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “घे, आहे की रिपोर्ट!”

मी मोठा करून वाचला. पाया किती वजन पेलेल याचा तो रिपोर्ट होता. बारा मजले पेलेल.